आधी वाचा, मग माझ्याकडे या

गेल्या पालकसभेत एका वडिलांनी माझ्या टेबलावर एक पुस्तक ठेवलं. ठेवलं कसलं, मेलेला उंदीर शेपटीला धरून टाकावा तसं दोन बोटांत धरून टाकलं. मुलीच्या दप्तरात सापडलं म्हणाले. मुलगी नववीत. पुस्तक इंग्रजी, होली जॅक्सन या लेखिकेचं 'अ गुड गर्ल्स गाईड टू मर्डर'. "बाई, चांगल्या मुलींना खून शिकवणारी असली पुस्तकं मुलांच्या हातात येतात कशी?" रांगेत मागे उभ्या असलेल्या सात-आठ जणांनी माना डोलावल्या. मी एकच विचारलं, "तुम्ही वाचलंत?" ते म्हणाले, "नाव वाचलं ना."

त्या दिवशी रांग मोठी होती. पुस्तक ठेवून घेतलं आणि मी गप्प राहिले. आता बोलते. त्या एका वडिलांना वेगळं काढून बोलायचं कारण नाही. माना डोलावणारे सगळे यात आले, आणि जे त्या दिवशी सभेला आलेच नाहीत तेही आले.

मी ते पुस्तक तीन रात्रींत वाचलं. तुम्ही वाचलेलं नाही, म्हणून सांगते त्यात काय आहे. इंग्लंडमधलं एक लहान गाव. पाच वर्षांपूर्वी तिथली एक शाळकरी मुलगी नाहीशी झाली. तिचा मित्र सॅल सिंग, नावावरून कळेलच की भारतीय वंशाचा, रानात मेलेला सापडला. त्यानंच तिला मारलं आणि मग स्वतःचा जीव घेतला, असं गावानं ठरवून टाकलं. खटला चालला नाही, मुलीचा मृतदेहही सापडला नाही, तरी निकाल लागला. सॅलच्या आईवडिलांकडे आणि भावाकडे लोक पाहीनासे झाले. पिप नावाची एक मुलगी शाळेच्या प्रकल्पासाठी हा विषय घेते आणि गावानं गृहीत धरलेली एकेक गोष्ट तपासत जाते. तपासता तपासता तिच्या लक्षात येतं, की शाळकरी पोरांच्या पार्ट्यांमध्ये मुलींच्या पेयात गुंगीचं औषध घातलं जातंय आणि ते घालणारा मुलगा चांगल्या, पैसेवाल्या घरातला आहे.

खून कसा करावा हे या पुस्तकात कुठेही नाही. ऐकीव गोष्टीवर एखाद्या घराला वाळीत टाकू नये, हे आहे. कागद पाहावेत, माणसांना विचारावं, तारखा जुळवाव्यात, हे आहे. वर्षभर घसा कोरडा करून मी तुमच्या मुलांना हेच सांगत असते.

मी या पुस्तकाची वकिली करायला बसलेले नाही. भाषा साधी आहे, काही वळणं ओढूनताणून आणलेली आहेत. या मालिकेतल्या दुसऱ्या पुस्तकात गुंगीचं औषध घालणाऱ्या त्या मुलावरचा बलात्काराचा खटला उभा राहतो आणि तो निर्दोष सुटतो. तिसरं पुस्तक फार काळोखं आहे, त्यात पिप स्वतः कायद्याच्या पलीकडे जाते. ते तिसरं पुस्तक मी सहावीतल्या मुलाच्या हातात देणार नाही. अकरावीतल्या मुलीला देईन, पण घरातलं कुणीतरी बरोबर वाचणार असेल तर. हा निर्णय मी करू शकते, कारण मी ते वाचलं आहे. तुम्हाला तो करताच येत नाही. तुम्ही फक्त हिसकावू शकता.

आता मला सांगा, २०१६ च्या उन्हाळ्यात 'सैराट' पाहायला कोण कोण गेलं होतं? आमच्या गावात एकही घर सुटलं नसेल. पाच वर्षांची, आठ वर्षांची मुलं मांडीवर, शेजारी बसवून नेली होती तुम्ही. 'झिंगाट' लागल्यावर खुर्च्या सोडून नाचलात, मुलांना खांद्यावर घेतलंत. आणि शेवट? नायिकेच्या माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, घरात चहा होतो, शेजारीण लहानग्याला परत आणून सोडते आणि तो रक्तातून चालत बाहेर येतो. पडदा काळा झाला तेव्हा चित्रपटगृहात चिटपाखरूही बोलत नव्हतं. मी तिथे होते. बाहेर पडताना एका मुलानं बापाला विचारलेलं मी ऐकलं, "पप्पा, त्यांना मामानं का मारलं?" बाप म्हणाला, "चल, आईस्क्रीम खायचं का?"

त्या मुलाला उत्तर मिळालं नाही. प्रश्न मात्र त्याच्याजवळच राहिला, आज तो तरुण होत आला असेल. जातीबाहेर लग्न केलं म्हणून पोटच्या पोरीला मारणारी माणसं आपल्याच राज्यात आहेत, हे तो आता वर्तमानपत्रातही वाचतो. घरात या विषयावर काय मत आहे, हे त्याला माहीत नाही. किंवा फार चांगलं माहीत आहे. दोन्हीपैकी काय वाईट, ते तुम्हीच ठरवा.

आणि "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" हे माझ्यासमोर म्हणू नका. मी तुमच्याहून वयानं मोठी आहे. तुमच्या वडिलांनी बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांतला झुंजार आणि काळा पहाड गणिताच्या पुस्तकात लपवून वाचला. तुमच्या आईनं नारायण धारपांच्या भयकथा वाचून रात्री मोरीत जाताना बहिणीला सोबत नेलं. १९७६-७७ साली पुण्यात जोशी-अभ्यंकर हत्याकांड झालं. मारणारी कला महाविद्यालयातली विशीतली पोरं निघाली. त्या बातम्या ओसरीवर मोठ्यानं वाचल्या जात, आम्ही लहान मुलं तिथेच भाजी निवडत बसलेलो असू. आम्हालाही कुणी काही समजावलं नाही. संध्याकाळी दाराला दोन कड्या लागायच्या, बस्स. तेव्हा भीती होती आणि गोष्टीही होत्या. बोलणं तेव्हाही नव्हतं, आजही नाही.

एक गोष्ट मला माझ्याविरुद्ध सांगायची आहे, कारण दुसऱ्याचे कान उपटताना स्वतःचे झाकून चालत नाही.

'श्यामची आई' आपण सगळ्यांनी वाचली. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि १९३५ साली ती छापली गेली. पाचवीतल्या पोरालाही आपण ती बिनदिक्कत देतो. संस्कारांचं पुस्तक म्हणून देतो. पण त्यात काय काय आहे, आठवा. घरावर चढलेलं कर्ज. वसुलीला आलेल्या माणसानं दारात उभं राहून केलेला आईचा अपमान. धाकट्या भावाचं मरण. मग आईचं मरण, आणि मुलाला वेळेवर न पोचता आल्याची आयुष्यभराची खंत. यापेक्षा काळोखं काय असतं? मराठी मुलं नव्वद वर्षं हा काळोख वाचताहेत आणि त्यातून वाईट झालेली नाहीत, कारण तो सांगणारा माणूस त्यांच्या शेजारी बसून सांगतो.

साधारण वीस वर्षांपूर्वी मी आठवीच्या वर्गात हे पुस्तक शिकवत होते. एका मुलानं हात वर केला. "बाई, गुरुजी कशानं गेले?" मला उत्तर ठाऊक होतं. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी स्वतःचं आयुष्य संपवलं. पन्नास वर्षांचे होते. मी त्या मुलाला म्हणाले, "आजारी होते." आणि पुढचं पान उलटलं.

दोन दिवसांनी तो ग्रंथालयातून एक चरित्र घेऊन आला. त्यानं ते मला दाखवलं नाही, पण मला दिसेल असं बाकावर ठेवलं. त्यानंतर दहावी होईपर्यंत त्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही. अभ्यासातलासुद्धा. मी खोटं बोलले होते आणि त्याला ते कळलं होतं. आज तो वर्ग पुन्हा मिळाला तर मी सांगेन, की बाळांनो, मुलांवर जीव टाकणाऱ्या, अस्पृश्यांना विठ्ठलाचं दर्शन मिळावं म्हणून पंढरपुरात उपोषणाला बसलेल्या या माणसालाही मनाचं दुखणं सहन झालं नाही. मोठ्या माणसांनाही असं होतं. त्यांनी तेव्हा कुणाचा हात धरला असता आणि तो हात सुटला नसता, तर ते राहिले असते, असं मला वाटतं. तुम्हाला कधी तसं वाटलं तर माझ्या घराचं दार ठोठावा, रात्री दोन वाजता ठोठावा. एवढं बोलायला दोन मिनिटं लागतात. मी ती दोन मिनिटं वाचवली आणि एक मूल गमावलं.

तुम्हाला वाटतं, विषय काढला की मुलांच्या डोक्यात नको ते येईल. मानसोपचारतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले आहेत, की "तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का" असं सरळ विचारल्यानं तो विचार पेरला जात नाही. उलट कुणीतरी विचारलं, यानंच मूल मोकळं होतं. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकड्यांनुसार देशात त्या एका वर्षात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. या मुलांपैकी किती जणांनी रहस्यकादंबऱ्या वाचल्या होत्या, याची चौकशी करायला तुम्ही जाल. घरातल्या कुणी त्यांना तो एक प्रश्न विचारला होता का, याची चौकशी आधी करा.

आणि हेही ऐका. केंद्र सरकारनं २००७ साली तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून अधिक मुलांशी बोलून एक अहवाल काढला होता. त्यातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. त्रास देणाऱ्यांत ओळखीची, विश्वासातली माणसं निम्मी होती. आणि बहुतेक मुलांनी तोवर कुणाला काहीही सांगितलेलं नव्हतं. मुलीच्या दप्तरातल्या कागदी खुनाची धास्ती घेणाऱ्या पालकांनी हा अहवाल एकदा डोळ्यांखालून घालावा. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण इथे डोळे मिटणारे आपण आहोत आणि दूध दुसराच कुणी पितो आहे.

मी सरसकट सगळ्या पुस्तकांना दार उघडून देत नाही. जे अॅशर यांची 'थर्टीन रीझन्स व्हाय' ही कादंबरी २००७ साली आली. एक मुलगी जीव देते आणि जाण्याआधी तेरा कारणं ध्वनिफितींवर बोलून ठेवते. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सनं त्यावर मालिका काढली आणि तिच्या मरणाचा प्रसंग तपशिलात दाखवला. जगभरातल्या मानसोपचारतज्ज्ञांनी आणि शाळांनी त्याला विरोध केला. तो प्रसंग काढून टाकायला कंपनीला दोन वर्षांहून अधिक काळ लागला, २०१९ च्या जुलैत तो काढला गेला. तोपर्यंत आपल्या मुलांनी तो मोबाईलवर पांघरुणात पाहिला होता. असं दाखवणं मला मान्य नाही. मरणाची रीत दाखवणं ही हुशारी नव्हे, तो गुन्हा आहे असं माझं मत आहे.

त्या गोष्टीत एक खोटंही आहे आणि ते मुलांना आपणच सांगायला हवं. त्यात मेल्यावर त्या मुलीचं सगळे ऐकतात. ज्यांनी छळलं ते रडतात, हादरतात, तिला हवं ते सगळं घडतं. चौदा वर्षांच्या दुखावलेल्या मुलाला हे फार गोड वाटू शकतं. त्याला सांगा, की बाळा, मेलेल्या माणसाला काहीच ऐकू येत नाही. तू गेल्यावर त्यांना पश्चात्ताप झाला का, हे तुला कधीच कळणार नाही. आपलं म्हणणं ऐकून घ्यायला जिवंत असावं लागतं. मात्र हे सांगायचं तर मुलानं ती मालिका पाहिली आहे, हे तुम्हाला ठाऊक हवं. ते कळायला त्यानं तुम्हाला सांगायला हवं. आणि मागच्या वेळी सांगितलं तेव्हा तुम्ही मोबाईल काढून घेतला होता.

त्या कादंबरीत शेवटी ती मुलगी शाळेतल्या समुपदेशकाकडे जाते. तो तिचं ऐकतो, पण अर्धवट. त्याला घाई आहे, त्याला स्वच्छ उत्तरं हवी आहेत. शेवटी तो तिला, हे मागे टाकून पुढे जा, अशा अर्थाचं काहीतरी सांगतो. ती उठून निघून जाते. तो प्रसंग मी तीनदा वाचला. शिक्षकांनीही वाचावा. दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा भाग आला की "हे घरी वाचा" म्हणून पुढे सरकणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनी तर नक्की वाचावा. घरी कोण वाचून घेणार आहे? घरी तर पालक म्हणतात, "ते शाळेत शिकवतील." मूल दोन दारांच्या मधल्या पायरीवर उभं आहे आणि दोन्ही दारं बंद आहेत.

दुसऱ्या तऱ्हेचे पालकही आहेत, त्यांनाही सोडत नाही. "आमची मुलगी जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचते हं, बाई," असं चारचौघांत सांगतात. त्या पुस्तकांत काय आहे याची त्यांना खबर नाही. पुस्तक फेकणारा बाप आणि पुस्तक मिरवणारी आई, दोघांनीही ते उघडलेलं नसतं.

आता कसं बोलायचं ते विचाराल. मुलाला समोर बसवून, दार लावून, "आज आपण एका महत्त्वाच्या विषयावर बोलणार आहोत" असं म्हणू नका. त्यापेक्षा न बोललेलं बरं. मटार सोलताना बोला. स्कूटरवर बोला, तिथे एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत, मुलांना ते सोपं जातं. आधी पुस्तक वाचा आणि पुस्तकातल्या माणसांबद्दल बोला. "तिनं पोलिसांत जायला हवं होतं का गं?" "त्याच्या भावाला किती वाईट वाटलं असेल." तात्पर्य विचारू नका, ते परीक्षेपुरतं ठेवा. तुमचं मत विचारलं तर खरं सांगा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, मुलं त्यासाठी तुम्हाला कमी लेखत नाहीत. मूल गप्प बसलं तर तुम्हीही गप्प बसा, मटार संपेपर्यंत. ते पुन्हा बोलेल. उद्या बोलेल.

आणि पुस्तकातल्या मुलीबद्दल बोलता बोलता तुमची मुलगी स्वतःबद्दल काही बोलली, तर ओरडू नका. "तू तिथे गेलीसच कशाला" हे वाक्य गिळा. "कुणाला सांगू नकोस" हे तर आयुष्यात उच्चारू नका. "मला सांगितलंस ते बरं केलंस, चूक तुझी नाही," एवढं म्हणा. पुढचं तुमच्या मर्जीवर नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आईबापांवर आणि माझ्यावरही. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. मनाच्या दुखण्यासाठी सरकारचा टेलिमानस आहे, १४४१६, रात्रंदिवस, फुकट, मराठीतून. गॅसवाल्याचा नंबर जिथे चिकटवला आहे, तिथेच हेही चिकटवा.

शेवटी त्या पुस्तकाचं. वाचताना मला त्यात एके ठिकाणी पेन्सिलीची खूण दिसली. अगदी शेवटाकडे एक मुलगी सांगते, की माझ्यावर अत्याचार झाला तेव्हा मी माझ्या सख्ख्या बहिणीला सांगितलं होतं, तर ती म्हणाली, पोलिसांत जाऊ नकोस. त्या ओळींशेजारी समासात एक बारीक प्रश्नचिन्ह होतं. माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी मुलीला बोलावलं, जवळ बसवलं आणि सरळ विचारलं. तिला काही झालेलं नाही. दोनदा विचारून, तिच्या डोळ्यांत पाहून खात्री केली. मग ती खूण कशाची, असं विचारलं. ती म्हणाली, "बाई, मला असं काही झालं आणि मी घरी सांगितलं, तर घरचे काय म्हणतील, असा विचार आला." हे लिहू का, असंही तिला विचारलं. ती म्हणाली, लिहा.

तिच्या वडिलांना सांगते. पुस्तक माझ्या कपाटात आहे, खूण मी पुसलेली नाही. शनिवारी सकाळची शाळा असते, साडेअकराला सुटते. या, पुस्तक घेऊन जा, शेवटपर्यंत वाचा. त्या पानाशी आलात की तिला हाक मारा आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर द्या.